मे महिन्यातला गारठा

बाळाचे तळवे गार लागले तेव्हा सीमा सिस्टरला आधी बरंच वाटलं. मे महिन्यात नंदुरबारकडे हाताला काही गार लागलं की जीव सुखावतो, मग तो माणसाचा असो की म्हशीचा.  दुसऱ्याच क्षणी तिनं बाळाच्या पोटाला हात लावला. पोटही गार होतं.

"सुगंधाबाई, कूलर बंद कर! आधी कूलर!"

सुगंधाबाई म्हणजे प्रसूतिगृहातली जुनी आया. ती धावली. कूलर घरघरत थांबला आणि बाहेरची दुपार खोलीत शिरली.

तो कूलर खरं तर ओसरीत बसणाऱ्या पेशंटांसाठी होता. पण काल सुगंधाबाई काम करता करता इथंच भोवळ येऊन पडली होती. वर पत्रा, खिडक्या बंद, आणि बाळ ऊबेत राहावं म्हणून पंख्यालाही मनाई. या खोलीत काम करायचं म्हणजे तव्यावर उभं राहायचं. म्हणून आज सकाळी सीमानंच कूलर ओढत आत आणला होता. बाळ यायच्या आधी वारा बंद करायचा हे तिला पाठ होतं. नव्या पोरींना तीच तर शिकवायची. फुलवंता शेवटच्या कळा देत होती, तेव्हा सुगंधाबाईनं बटणाकडे हात नेलाही होता.

"ऱ्हाऊ दे वं," सीमा म्हणाली होती. "या भट्टीमा कोणले थंडी वाजी? तूच परत पडशी."

मायेपोटी बोलली होती बिचारी. चुका काय वैरापोटीच होतात?

पोरगी दिवस भरायच्या आधीच आलेली, एवढीशी. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. मग फुलवंताचं रक्त थांबेना, आणि सगळे हात तिच्याकडे वळले. पोरीला घाईघाईनं पुसून, फडक्यात गुंडाळून बाजूच्या टेबलावर ठेवलं. कूलरचा दमट झोत नेमका त्या टेबलावर येत होता. फडकं ओलसर होत गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट आज सगळ्यांना जरा हुशारी वाटत होती.

आता सीमानं ते फडकं भिरकावलं, पोरीला कोरडं केलं, ऊब देणारा वॉर्मर लावला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले. त्यांनी तोंडावर रबरी पिशवी धरून श्वास दिला, इवल्याशा छातीवर बोटं ठेवून दाबत राहिले. नंदुरबारला न्यायची गाडी दुसरा पेशंट आणायला खापर गावाला गेलेली. वॉर्मरखाली डॉक्टरांच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. पोरीच्या ओठांचा निळेपणा मात्र तसाच राहिला.

शेवटी त्यांनी हात काढून घेतले.

"वजन फार कमी होतं, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "घरच्यांना तेवढंच सांगा. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतंच. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे डॉक्टर, सीमा आणि सुगंधाबाई या तिघांनाही ठाऊक होतं.

पोरीचा बाप आमशा आवारातल्या कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. सकाळीच जीपनं बायकोला डोंगरातून खाली घेऊन आला होता. सीमा गाठोडं घेऊन समोर आली तसा तो उठला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन्ही हात पुढे केले.

"फुलवंता?" पोरीला घेतल्यावर त्यानं विचारलं.

"ती बरी आहे. रक्त थांबलं."

त्यानं मान हलवली. तोंडावरचं फडकं बाजूला करून तो पाहत राहिला.

"आईसारखी आहे," तो म्हणाला.

सीमाला ते सोसेना. आत्ता गप्प राहिलं तर हे जन्मभर घशात अडकून बसणार, हे तिला कळत होतं.

"दादा, ती थंडीनं गेली. मी कूलर चालू ठेवला. बंद करायला पाहिजे होता. माझ्यामुळे झालं."

"थंडी?"

आमशानं तिच्याकडे पाहिलं, मग आवाराकडे. फाटकाबाहेरचं डांबर मऊ पडलं होतं. कावळे चोच उघडी टाकून फांदीला चिकटून बसले होते. सिस्टरचे केस घामानं कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. आमशानं मनाशी काय ते ताडलं.

"सिस्टरला ऊन लागलं," मागून आलेल्या सुगंधाबाईला तो डोंगरातल्या तुटक मराठीत म्हणाला. "काही पण बोलते. पाणी आण."

सुगंधाबाई खाली मान घालून तशीच उभी राहिली. मग पाणी आणायला गेली.

"नाही दादा, खरंच सांगते..."

"बस तू." त्यानं तिला दंडाला धरून सावलीत बसवलं. "सकाळपासून उभी आहे. मी पाहिलं ना. आमच्यासाठी किती पळाली."

सीमाला हुंदका आवरेना. आमशा तिच्यासमोर बसला. खांद्यावरचा गमछा काढून एका हातानं तिला वारा घालू लागला. दुसऱ्या हातात पोरगी होती. तिचं तोंड त्यानं आपल्या छातीकडे वळवून घेतलं आणि फडकं तिच्या कानांवर नीट ओढलं. तान्ह्याला वारा लागू देत नाहीत.