आक्काशी वाद

"आलीस का, मास्तरीण?" आक्का भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "सूनबाईनं बोलावलं असणार. मला चालवायला."

मास्तरीण काही मास्तरीण नव्हती. हॉटेलच्या धुलाईघरात आक्काच्या समोर उभं राहून तिनं अर्धं आयुष्य चादरींच्या घड्या घातल्या होत्या. फक्त रविवारी ती वाचनालयाच्या माडीवर तत्त्वज्ञानाच्या वर्गाला जायची आणि सोमवारी वर्गातलं सगळं आक्काला ऐकवायची. नाव आक्कानंच पाडलं होतं, ते कायमचं चिकटलं.

खोलीत औषधांचा वास होता. पलंगाशी वॉकर उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातला होता.

"मावशी, डॉक्टर म्हणतात खुबा छान बसलाय," सून दारातून हळूच म्हणाली. "आईच मनावर घेत नाहीत." आणि चहा टाकायला आत गेली.

मास्तरीण पलंगाच्या कडेला टेकली. काय बोलावं ते सुचेना. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं. बोटांना बोटं लागली की टोकं हातात द्यायची आणि पुन्हा मागं सरायचं. जवळ येताना मास्तरीण एक वाक्य टाकायची, लांब जाताना आक्का ते खोडायची. ढीग संपायचा, वाद तसाच उरायचा. वर्गात शिकतो ते आपण इथं नुसतं बोलून दाखवतो, असं मास्तरणीला तेव्हा वाटे. शिकणं नेमकं कुठं होत होतं, ते आक्का काम सोडून घरी बसल्यावर कळलं.

मग घड्या घालायला यंत्र आलं. त्याच्या आवाजात शेजारणीचंही ऐकू येईना. वर्गाचे सर मुलीकडे राहायला गेले आणि माडीला कुलूप लागलं. मास्तरीण काही दिवस एकटीच वाचत राहिली, पण भलतंच होऊ लागलं. प्रत्येक पान पटायला लागलं. जे वाचावं ते खरं. शेवटी वाचणंच सुटलं.

"तुझ्या सरांनी एकदा चादरीचं काहीतरी विचारलं होतं," आक्का भिंतीलाच म्हणाली.

"रफू करून करून चादरीचा एकूण एक धागा बदलला, तर ती तीच चादर का?"

"मी काय म्हणाले होते?"

"तीच. काठावरचा नंबर तोच आहे ना, मग तीच. सरांना सांग, म्हणालीस, हे विचारायला रविवार कशाला घालवायचा?"

आक्का हसली नाही. तिनं मान वळवली. गाल आत गेले होते.

"डोळ्यात भिंग बसवलेलं. दात दुकानातले. आता खुबा लोखंडाचा. माझं म्हणून राहिलंय काय? ही पोर मला उठा म्हणते. त्या लोखंडाला सांगावं."

"अगं, पण तूच म्हणाली होतीस, तीच चादर."

"तेव्हा मी चादर नव्हते."

देह म्हणजे काय, आपण म्हणजे काय, यावर वर्गात ऐकलेलं सगळं मास्तरणीच्या जिभेवर आलं. एकेक वाक्य घडी करून ठेवल्यासारखं नीटनेटकं. तिनं ते सगळं गिळलं. आक्काच्या हातावरची शीर उडत होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

मग ती पदर सावरून उठली. "बरं. पटलं मला."

"काय पटलं?"

"तू ती नाहीस. आमची आक्का वेगळीच होती. इतक्या वर्षांत तिनं मला एकदासुद्धा बोलू दिलं नाही धड. आज मी आले काय, बसले काय, आणि जिंकलेसुद्धा. जाते मी."

"कोण जिंकलं?"

"मी."

"पटलं म्हणालीस ना तू? मग जिंकलीस कशी?" आक्का कोपरावर उठली. "पटलं म्हणणारा हरतो. एवढंही नाही शिकवलं तुझ्या सरांनी?"

"असं तर आमची आक्का म्हणायची," मास्तरीण दाराकडे वळत म्हणाली. "पण ती तर राहिली नाही. तूच सांगितलंस."

"थांब! पाठ फिरवून बोलू नकोस. आधी तो टॉवेल काढ तिथला!"

टॉवेल निघाला. आक्कानं पाय खाली सोडले, वॉकर धरला आणि दात आवळून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. कळ आली तशी एक जुनी, धुलाईघरातली शिवी हासडली. दुसरं टाकलं. सून चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. मास्तरणीनं तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं.

आक्का समोर येऊन उभी राहिली, धापा टाकत. पूर्वी टोकं हातात देताना यायची तेवढ्या जवळ.

"चुकलीस तू," ती म्हणाली. "कुठं चुकलीस ते मी शोधून ठेवते. तू रविवारी वर्गात नीट ऐक आणि सोमवारी कामावरून थेट इकडे ये. नवीन काहीतरी आण."

वर्ग कधीच बंद झालाय, हे आक्काला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणते," मास्तरीण म्हणाली.

परतताना ती दोन थांबे आधीच बसमधून उतरली. वाचनालय बंद व्हायला थोडाच अवकाश होता. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

"किती वर्षांनी! कुठलं पुस्तक देऊ?"

"कुठलंही द्या," मास्तरीण म्हणाली. "फक्त भांडता आलं पाहिजे त्याच्याशी."