खिळ्यांचा पट्टा

मानेचं माप घ्यायचं म्हटल्यावर कुत्रा आडवाच झाला.

"असाच झोपतो हा," थोरली जाऊ म्हणाली. "मग लांडग्याचं फावतं."

"रात्रभर मेंढरं राखतो तो," धाकटी म्हणाली. "तुमचं बरंय. तुमचे बटाटे लांडगाच राखतो, फुकटात."

खोगीर शिवणारा म्हातारा हसू दाबत खाली बसला. कुत्र्याच्या दाट केसांत दोरी रुतवून त्याने माप घेतलं. खोगीर म्हणायचं ते नावालाच. दुकानात सगळ्या पिशव्या, कमरेचे पट्टे, मोबाइलची पाकिटं. एका खुंटीला, लांडग्याने कुत्र्याचा गळा धरू नये म्हणून वडिलांनी केलेला खिळ्यांचा पट्टा तेवढा होता. गिऱ्हाइकं विचारायची, हे कशाचं?

मग वनखात्याने डोंगरात लांडगे परत आणून सोडले. थोरलीच्या शेतात रानडुकरं उतरेनाशी झाली. धाकटीच्या मेंढ्या कमी होऊ लागल्या.

एकच अंगण. दोन दारं.

"भावोजींना सांग, लांडग्याला विष घालू नका. पट्टा माझ्याकडून."

"पट्ट्याने गेलेली मेंढी परत येते?"

"नाही येत."

थोरली म्हणाली. मग कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "दरवर्षी डुकरं सगळं उकरून जायची. यंदा पहिल्यांदा पोरांच्या ताटात घरचा बटाटा वाढला मी. उपकार मानावेत तर लांडग्याला जाऊन सांगू कशी? म्हणून तुझ्या पाया पडते."

"काहीतरीच काय, जाऊबाई!"

विष आणून ठेवलेलं होतं. आज संध्याकाळी घालतो, असं धाकटीचा नवरा म्हणाला होता. हे दोघींनाही माहीत होतं.

म्हाताऱ्याने दोरीला गाठ मारली. "एक विचारू? वडील हे पट्टे करायचे तेव्हा मी पाळण्यात होतो. मी लांडगा कधी ऐकलाच नाही. कसा ओरडतो?"

"मी तरी कुठे ऐकलाय," थोरली म्हणाली.

"ऐकणार कशा? घोरता!" धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, म्हाताऱ्याकडे वळून, "सांगता नाही येणार, काका. ओरडूनच दाखवावं लागेल."

"मग दाखव की."

"इथे? भर बाजारात?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं. खुंटीकडेही.

"ह्यांना थांबवते मी," ती थोरलीला म्हणाली. "पट्टे करून बघू म्हणते. पण एकाने भागणार नाही. घरी आणखी एक आहे, दोन्ही कुत्र्यांना हवेत."

"दोन्ही माझ्याकडून."

धाकटीने पदर खोचला. डोळे मिटले. डोकं मागे टाकलं.

आधी आवाज खाली, छातीतून.

मग वर.

आणखी वर.

तिथेच

थांबला.

शेजारच्या शिंप्याचं मशीन बंद पडलं. रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक दाबला. कुत्रा ताडकन उभा राहिला होता, मानेवरचा केस न् केस ताठ.

म्हाताऱ्याने चष्मा काढून हातात घेतला. "मोठी कृपा झाली, पोरी," तो म्हणाला.

थोरली धाकटीकडे बघतच राहिली.

"हा?" ती म्हणाली. "हा तर मी रोज ऐकते. मला वाटायचं, वारा आहे."