फॉर्मचे फोटो

त्र्याण्णव साली मी बारावीला बाहेरून बसायचं ठरवलं. दिवसभर खुरपणं, वर दोन म्हशींच्या धारा. म्हणून इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या गोठ्याच्या मेढीला खोचून पाठ करायची. दिवेलागणीला आमचे वडील, आबा, समोर बसवून सगळे शब्द म्हणून घ्यायचे. इंदापूरला नेऊन फॉर्मसाठी माझे तीन फोटोही त्यांनीच काढले. चार दिवसांनी एकटेच जाऊन आले. "फॉर्म भरून आलो बघ," म्हणाले.

रविवारी पाव्हणे आले. आबांनी माझ्या हातात इंग्रजीचं पुस्तक दिलं. "वाचून दाखव त्यास्नी."

मी अख्खं पान न अडखळता वाचलं.

"फोटूपरास उजवी हाय पोरगी," मुलाची आई म्हणाली,



आणि फॉर्मचे ते तिन्ही फोटो पिशवीतून काढून तिनं आबांना परत दिले.