नादापलीकडे

दार नुसतं लोटलेलं होतं आणि ओसरीवर शुभदा रडत होती.

वासंती खाटेवरून उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. कडी नव्हती. बोटानं ढकललं तरी उघडलं असतं. सात महिन्यांची लेक चार हातांच्या अंतरावर होती आणि तिला उचलायची बंदी होती.

"वैनी, मागं व्हा," ओसरीवरून पोरीला सांभाळणारी आवडाबाई म्हणाली. "फटीतशी तुमचे पाय दिसतान तिला. मंग जास्तीच रडतं पोर."

वासंती मागे सरली. दूध आटून दोन महिने झाले होते, तरी त्या रडण्यासरशी पदराखाली काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं.

क्षयाचं नाव घरात कुणी घेत नसे. 'छातीचं' म्हणत. डोंबिवलीच्या घराची मागची खोली तिला दिली होती. ताट, तांब्या वेगळा. रोज सकाळी कंपाउंडर सुई टोचून जाई. शनिवारी कल्याणचे डॉक्टर येत. चार महिने कळ काढा, औषध नवं आहे, गुण येतो, असं ते म्हणाले होते. एक्कावन्न साल होतं. पाच वर्षांपूर्वी हेच दुखणं झालं असतं तर हे चार महिनेही कुणी सांगितले नसते.

दुपारी चुलत सासरे श्रीपादअण्णा खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसत. ठाण्याला शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. पहाटे दोन तास ध्यानाला बसत.

"अण्णा, मला मोक्षबिक्ष नको," एकदा ती म्हणाली. "त्या रडण्याच्या पलीकडे कुठे बसता येतं का, तेवढं सांगा. नाहीतर एक दिवस मी दार उघडीन. आणि मग तिलाही हे लागेल."

अण्णांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली.

"बसता येतं," ते म्हणाले. "रडणं येऊ दे, जाऊ दे. त्याच्याशी भांडू नकोस. आधी अंग हलकं होतं, तोल गेल्यासारखं वाटतं. मग आत नाद सुरू होतो. रातकिड्यासारखा, पुढे घंटेसारखा. तो कुणी वाजवत नसतं. शेवटी नादही सरतो आणि शून्य उरतं. डोळे उघडले तरी मोडत नाही, असं."

"तुम्हाला झालं?"

"मला? तीस वर्षं झाली सूनबाई, अजून रातकिडासुद्धा फिरकला नाही." ते हसले. मग गंभीर झाले. "एक मात्र. अनुभव आला तर बोलायचं नाही. मलासुद्धा सांगायचं नाही. सांगितला की जातो."

ती बसू लागली. पहिला महिना नुसतं रडण्यात गेला, आत तिचं आणि बाहेर लेकीचं. मांडी घालायची, डोळे मिटायचे, आणि दोन मिनिटांत हात दाराकडे जायचा. दोनदा तर दार वीतभर उघडलंही.

सहाव्या आठवड्यात मोरीकडे जाताना जमीन कलली. तिनं भिंत धरली. आधी घाबरली, मग आठवलं. अंग हलकं झालं होतं. आणि चौथ्या दिवशी, भर दुपारी, रातकिडा वाजू लागला.

शनिवारी डॉक्टर आले.

"भूक?"

"लागते."

"ताप?"

"नाही."

"सुई सुरू झाल्यापासून चक्कर? कानात आवाज?" ते कागदावर लिहीत होते, लिहितालिहिताच विचारत होते.

सांगितला की जातो, वासंतीला आठवलं. तीस वर्षं वाट बघणारे अण्णा तिच्या डोळ्यांपुढे आले.

"नाही," ती म्हणाली.

नाद वाढला. त्याची घंटा झाली. लेकीचं रडणं खाडीपलीकडून आल्यासारखं पातळ येऊ लागलं. हात दाराकडे जाईनासा झाला. वजन भरत होतं.

"अगं, हळू बोल," एका संध्याकाळी तिचा नवरा सुधीर उंबऱ्यातून म्हणाला. "अख्ख्या आळीला कळतंय मला भाजीत मीठ कमी लागतं ते. ताकद आली म्हणायची."

सासूबाई ओसरीवर आवडाबाईला सांगत, "पेज ठेवली, तीन हाका मारल्या. पापणी हलली नाही गं. समाधीच."

"आमचे गावान त्याला झोप बोलतान," आवडाबाई म्हणे.

आणि मग एका सकाळी नादही सरला.

वासंती जागी झाली आणि आत काहीच नव्हतं. खिडकीबाहेर जांभळाची फांदी वाऱ्यानं हलत होती. कंपाउंडर आला, सुई टोचून गेला. शून्य मोडलं नाही. तिनं हात जोडले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, लेकीचं रडणं एकदाही आलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी तिला भीती वाटू लागली. पदराखाली काही ओढत नव्हतं. मागितलं होतं चार महिन्यांपुरतं, आणि लेकीची मायाच सुटली की काय? मग बरं होऊन करायचं काय? मांडी न घालता ती दिवसभर दाराकडे बघत बसली. रडणं ऐकू यावं म्हणून आता तिनं सगळ्या देवांना आळवलं.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. डॉक्टर होते, सुधीर होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला, तिच्याकडे वळून हसले आणि मान डोलावली. सुधीरनं डोळे पुसले. सासूबाई शुभदाला घेऊन आत आल्या आणि तिला वासंतीच्या मांडीवर ठेवलं.

लेक जड झाली होती. तिनं आईकडे परक्या नजरेनं पाहिलं, ओठ मुडपले. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तोंड उघडलं, इवली जीभ थरथरली. पदराखाली काहीतरी ओढलं गेलं. माया होती, जागच्या जागी होती. वासंतीनं तिला छातीशी घट्ट धरलं. तळव्याखाली ती इवली पाठ हुंदक्यांनी हादरत होती.

वासंतीनं घाबरून वर पाहिलं.

"अहो, हिला काय झालंय? हिचा आवाज कुठे गेला?"

सगळ्यांचे ओठ एकदम हलू लागले.