दोघांनी पाहिलेला पक्षी

"तुझ्या काकाला सांग, डावीकडे बघ. लगेच."

बाबा कुजबुजले, तरी टिटवीला वाटलं, लपणाच्या फळ्या हलल्या. लपण म्हणजे दलदलीच्या काठावरची लाकडी खोली. आत एक लांब बाक, समोर डोळ्यांच्या उंचीला एक आडवी फट, आणि त्या फटीतून सरळ नाकात शिरणारा गारठा. बाकाच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ, आणि मध्ये पोस्टमन म्हणून ती. टिटवी हे नावही काकानेच ठेवलेलं, तिच्या अखंड बडबडीबद्दल.

"काका, बाबा म्हणतायत, डावीकडे बघ."

"त्यांना सांग, मी बदकं मोजतोय." त्याच्या मुठीतला काउंटर टकटक वाजत होता. "मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून."

"बाबा, काका म्हणतो की..."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून."

टिटवी बाबांच्या दुर्बिणीवर वाकली. चिखलाच्या निमुळत्या पट्ट्यावर शे-दोनशे चिमणीएवढे पक्षी चोची मारत होते, शिवणयंत्राच्या सुईसारखे, वरखाली वरखाली. त्यांतला एकच जण केर काढल्यासारखी चोच इकडून तिकडे फिरवत होता, एक पाय जपून टाकत. त्याने मान समोर वळवली. चोचीच्या टोकाला इवलासा, चपटा चमचा होता.

चमचचोच्या. गेल्या हिवाळ्यापासून घरात भाजीपोळीबरोबर रोज वाढला जाणारा पक्षी. त्याची गोष्ट तिला पाढ्यासारखी पाठ होती. सकाळची ओहोटी, क्षणभर दिसलेला तो चमचा, मग पक्षिमंडळाच्या लोकांना बोलवायला चिखल तुडवत धावलेले बाबा, आणि दुर्बिणीला डोळा लावून मागे थांबलेला काका. सगळे धापा टाकत आले, तेव्हा काकाने खांदे उडवले होते. "मला तर काही दिसलं नाही."

मंडळाचा नियम सरळ होता. दुर्मीळ पक्षी दोन मोठ्या सभासदांनी पाहिला तरच खरा. त्या दिवसापासून मंडळात बाबांचं नाव थापाराव पडलं आणि भावाभावांत अबोला. यंदा अध्यक्षबाईंनी मुद्दाम दोघांना एकाच लपणात बसवलं होतं. "भांडा हवं तेवढं, पण मोजणी पुरी करा," म्हणाल्या होत्या.

"मी पाहिला ना, बाबा. मी सांगेन सगळ्यांना."

"तू पंधराची. त्यातून माझी मुलगी." बाबांनी फटीबाहेरची नजर काढली नाही. "म्हणतील, थापारावाची थापाबाई."

भरती चढत होती. पट्ट्याचं टोक पाण्याखाली गेलं, पक्षी मागे सरकून दाटीने उभे राहिले. पट्टा बुडाला की सगळे उडणार, हे टिटवीलाही कळत होतं.

ती काकाच्या कानाशी झुकली. "काका, तो आहे. तोच."

काउंटरची टकटक थांबली. काकाने मान मात्र वळवली नाही.

"तुझ्या बाबांना सांग," तो सावकाश म्हणाला, "लोकांना बोलवायला धावायचं असेल तर खुशाल धावा. मी आहे इथे."

बाबांच्या जबड्याची शीर ताठ झाली. त्यांनी टिटवीकडे पाहिलं. काकानेही पाहिलं. दोघंही निरोपाची वाट बघत होते.

"मी नाही सांगत," टिटवी म्हणाली. लपणात बोलायचं नसतं इतक्या मोठ्या आवाजात. "पोस्ट बंद. दोघांनाही तोंडं आहेत."

ती उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाकावर दोघांच्या मध्ये आता फक्त तिची कानटोपी उरली.

पाणी आणखी आत आलं. पट्टा चटईएवढा राहिला. बाबा दुर्बिणीला चिकटून बसले होते. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो त्यांच्या डोळ्यासमोर होता. मग त्यांनी डोळा काढला आणि ते बाजूला सरकले.

"बघ," ते म्हणाले. टिटवीला नाही.

बाक करकरला. कानटोपी खाली पडली. काका बाबांच्या दुर्बिणीवर वाकला आणि तसाच राहिला. टिटवीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त एक कान दिसत होता. तो लाल होत चालला होता.

पट्ट्यावरून ससाण्याची सावली सरकली. सगळे पक्षी एकदम उठले, हवेत एकच राखी चादर झटकल्यासारखी झाली, पलटून पांढरी झाली आणि समुद्राच्या बाजूला विरली. चिखल होता तिथे पाणी चकाकत होतं.

"दिसला?" बाबांनी विचारलं. निकालाच्या दिवशी टिटवीचा आवाज असा होतो.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काकाने पुन्हा खांदे उडवले असते, तर तो पक्षी पुन्हा नव्हताच.

"काका," टिटवी म्हणाली.

"लंगड अजून तशीच आहे त्याची, दादा. उजव्या पायाची."

टिटवीने मनातल्या मनात बाबांची गोष्ट पहिल्यापासून म्हणून पाहिली. ओहोटी होती, चमचा होता, धावणं होतं. लंगड नव्हती. बाबांनी ती कधीच सांगितली नव्हती. बाबांनी ती पाहिलीच नव्हती; ते तेव्हा धावत होते.

बाबा भावाच्या पाठीकडे बघत राहिले. काकाने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. समोर नुसतं पाणी होतं.