उजव्या अंगाचा

"माझा बैल नांगराला चालतो, जमादारसायेब. गाडीला बुजतो," गेनबा म्हणाला आणि उगाच डोंगराकडे बघत राहिला. खोटं बोलायची सवय नव्हती, नाहीतर समोर बघून बोलला असता.

हिर्डोशीच्या रस्त्यावर पलटणीची गाडी अडली होती. तिचा एक बैल चढावर घसरून पाय मोडून बसला होता. शिपाई सकाळीच वरंधा घाट उतरून खालच्या तळाकडे गेले होते आणि त्यांचं पीठमीठ, तंबू सगळं या गाडीत. महायुद्धाचे दिवस. बैल मागायला सरकारला कारण लागत नव्हतं. गेनबाच्या जोडीतला एक असाच मागल्या महिन्यात नेला होता. तो परत आला नाही. आता हौश्या तेवढा उरला होता. तोही गेला तर भाताची चिखलणी कुणाच्या जिवावर करायची?

"जुंपून बघू," जमादार म्हणाला.

गाडीवानानं हौश्याला मोकळ्या जागी, डावीकडे घातलं. हौश्यानं मान झटकली, जू पाडलं, आडवा फिरला. गेनबाच्या जिवात जीव आला. जन्मभर उजवीकडे चाललेला बैल, डावीकडे त्याचं पाऊल पडणारच नव्हतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं, चंद्राबाईनं, हळूच त्याची बंडी धरून ठेवली.

"बुजतोय खरा," जमादार म्हणाला. "गावात दुसरा बघा."

"एकडाव बघतो, सायेब." गाडीवान इरेला पेटला होता. त्यानं शेपूट पिरगाळलं. मग आसूड ओढला, आधी पाठीवर, मग तोंडावर. हौश्याच्या डोळ्याखालून रक्त आलं. तो गेनबाकडे बघत राहिला.

"उजवीकडं घाला त्याला!" गेनबा ओरडला. "उजव्या अंगाचा हाय त्यो!"

चंद्राबाईच्या हातातून बंडी सुटली. "अवो, काय केलंत ह्ये?"

गाडीवानानं बैलांच्या जागा बदलल्या. जू उचललं तसं हौश्यानं आपणहून मान खाली घातली. जमादारानं गेनबाकडे नुसतं पाहिलं.

"आठवडाभरात परत पाठवतो, मामा."

मागल्या खेपेलाही कुणीतरी असंच म्हणालं होतं. गेनबा गाडीवानाजवळ गेला. "हौश्या नाव हाय. नावानं हाक मारा, म्हंजी मारावं लागत न्हाई."

गाडी चालू लागली. वळणावर गाडीवानानं हाक दिली, "चल, हौश्या!"

बैल थांबला. मान वळवून मागे गेनबाला शोधू लागला. गाडीवानाचा हात आसुडाकडे गेला.

गेनबा झटकन हौश्याच्या नजरेआड, करवंदीच्या जाळीमागे खाली बसला.