थिनरचा डबा

"हात गेला हो याचा. वय झालं, काय करणार!" दादा गिऱ्हाईक बाईंना हसत म्हणाला आणि पेंटरच्या डोक्यात सणक गेली.

बाईंच्या गाडीचं दार समोर होतं. रंग निळाशार, पण अंग संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत. सव्वीस वर्षं रंग फवारायची गन धरलेल्या माणसाच्या नावावर असलं दार! आणि बोलतोय कोण, तर गॅरेजचा मालक, सख्खा मोठा भाऊ, ज्यानं जन्मात रंगाच्या खोलीत पाय टाकला नाही.

"काळजी करू नका, उद्यापासून दुसरा माणूस ठेवतोय," दादा पुढे म्हणाला.

रंग पातळ करायच्या थिनरचा डबा दादानं परवा भरून ठेवला होता. पेंटरनं तो उघडून हुंगला. मग तोच निळा रंग दोन कपांत घेतला. एकात या डब्यातला थिनर ओतला, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीत तळाशी उरलेला जुना, चांगला. गन तीच, हवेचा दाब तोच, अंतर तेवढंच. दोन काचांवर फवारा मारला आणि त्या बाईंपुढे धरल्या. एक खडबडीत, दुसरी आरशासारखी.

"बाई, हा थिनर भलताच लवकर उडतो. थेंब गनमधून ओला निघतो, पण दारापर्यंत जाईस्तोवर अर्धा वाळतो. वाळका थेंब पसरणार कसा? पडला तिथेच बसतो. मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी दार असंच निघणार!"

बाईंनी दोन्ही काचांवरून नजर फिरवली आणि दादाकडे पाहिलं.

"अरे, जरा स्वस्त मिळाला म्हणून..." दादा चाचरला. "आणि घरातलं भांडण लोकांसमोर कशाला?"

"माझा हात गेला, हे कुणासमोर बोललास? हलका माल जुन्या डब्यात भरलास. सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"बरं बाबा, चुकलं. दुसरा माणूस नको, तूच मार उद्या दार. पण तू तर दर वेळी आधी काचेवर मारून बघतोस. या वेळी का नाही बघितलंस?"

पेंटरनं दोन्ही काचा खाली ठेवल्या.

"डबा तू भरला होतास ना, म्हणून," तो म्हणाला. "दार मारतो मी. पण यापुढे तू दिलेलं पाणीसुद्धा आधी काचेवर मारून बघणार."